तिमाच्या उशाची फांदी

गिली मारंग बेटावर सावली आहे ती मेलेल्यांची. जिवंतांच्या वाट्याला मक्याची ताटं, मिठाचे पांढरे तुकडे आणि दगड रचून केलेली कुंपणं. झाड म्हणावं असं झाड फक्त कब्रस्तानात, कारण तिथलं पानही कोणी तोडत नाही. समुद्राकडच्या टेकाडावर चिंच, वड आणि चाफा इतके दाटलेले, की मासेमारीला गेलेल्या होड्या ती झाडी बघूनच घर ओळखायच्या. मत्रावी पोरवयापासून तिच्याकडे बघत घरी आला होता.

मत्रावी हे त्याचं कागदावरचं नाव. पहिलं मूल झालं की जावाशेजारच्या मदुरा बेटाच्या बाजूला माणसाचं स्वतःचं नाव सुटतं, मुलाच्या नावानं त्याला हाक मारतात. फातिमा जन्मली, तिची तिमा झाली आणि मत्रावीचा तिमाचा बाप झाला. त्याच्या बायकोला, मिस्नायाला, लोक तिमाची आई म्हणू लागले. ती दोघंही एकमेकांना तसंच म्हणत. सुराबायाच्या गोदीत डच आरमाराच्या ‘मार्टिन दे ब्राऊ’ जहाजावर जी सात-आठ देशी माणसं होती, तीही त्याला तिमाचा बापच म्हणत. मत्रावी म्हणून हाक मारणारा एकटा टंडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, उरला होता, डाउवे नावाचा, लाल मानेचा उंच गोरा.

‘मार्टिन दे ब्राऊ’चं काम सुरुंग वेचायचं. मागे लांबलचक पोलादी तार सोडायची आणि ती पाण्याखालून ओढत जायचं. सुरुंगाला तळाशी धरून ठेवणारा दोर तारेच्या दातांत आला की तुटतो, सुरुंग वर येतो, मग तो बंदुकीनं उडवायचा. तार रहाटावरून सुटते तिथे मत्रावीची जागा. उजवा तळवा तारेवर टेकवून तो उभा राहायचा. नुसती तार ओढली जात असली की तिची थरथर एक, शेवाळ अडकलं की दुसरी, आणि सुरुंगाचा दोर आला की तळव्यात माशी कोंडल्यासारखं गुणगुणायचं. मग तो डावा हात वर करायचा आणि टंडेल इंजिन मंद करायला सांगायचा.

“हा तुझा हात मला देऊन टाक,” टंडेल म्हणायचा.

“बायकोला विचारून सांगतो, साहेब.”

एकेचाळीस सालच्या ईदेला तो घरी गेला तेव्हा तिमा चार वर्षांची होती. तिच्या पोटावर तळवा ठेवून, डोळे मिटून तो सांगायचा, “मक्याचा भात. सुकी मासळी. आणि… थांब, थांब, तार गुणगुणतेय… चोरलेला गूळ!” तिमा खिदळून लोळायची. लपाछपीत ती लपायची म्हणजे दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे झाकून अंगणाच्या मधोमध उभी राहायची. सगळं घर तिला शोधायचं. मिस्नाया कुंपणापाशी जाऊन मोठ्यानं म्हणायची, “गेली कुठे बाई ही? नेली वाटतं कोणी!” मग आतून आवाज यायचा, “मी इथे नाहीये.”

पाच महिन्यांनी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सुराबाया जळत होतं. तेलाच्या टाक्यांचा धूर इतका, की दुपारी दिवे लावावे लागत. मोठी जहाजं बुडाली होती, जपानी जावात उतरले होते. हुकूम आला, जे तरंगतं आहे त्यानं ऑस्ट्रेलिया गाठावं. कप्तानानं सगळ्यांना डेकवर उभं करून सांगितलं, की ज्या देशी माणसांना उतरायचं असेल त्यांनी आताच उतरावं, कोणी अडवणार नाही. दोघं उतरले.

स्वयंपाकी रसिदिन सुराबायाचाच. तो म्हणाला, “मी नाही उतरत. ह्या गोऱ्यांना भात शिजवता येत नाही. वाटाण्याचं सूप पिऊन मरतील बिचारे, आणि पाप मला लागेल. तुझं काय रे, तिमाच्या बापा?”

मत्रावीनं नकाशाकडे बोट केलं. जहाज आधी पूर्वेला जाणार, मदुरेच्या कडेकडेनं, आणि मग बेटांच्या फटीतून दक्षिणेला. त्या वाटेवर गिली मारंग होतं. सुराबायातून आता होड्या सुटत नव्हत्या, रस्त्यांवर सैन्य होतं. घरी नेणारं एकच वाहन उरलं होतं आणि तो त्याच्यावरच उभा होता. तिथे पोचलं की उतरायचं, एवढाच त्याचा बेत. तो निष्ठेनं राहिला असं पुढे टंडेलनं चारचौघांत सांगितलं. मत्रावीनं ते कधी खोडलं नाही.

जहाज चालायला मंद, तोफ एकच. दिवसा दिसलं की संपलं. म्हणून कप्तानानं ठरवलं की दिवसा जहाज असायचंच नाही, बेट व्हायचं. डेकवर जाळी ताणायची, जाळीवर फांद्या खोवायच्या, उरलेल्या लोखंडाला खडकाचा रंग फासायचा. उजाडायच्या आत कुठल्यातरी किनाऱ्याला चिकटून नांगर टाकायचा आणि अंधार पडेपर्यंत कोणी हलायचं नाही. मत्रावीला हे ऐकून हसू आलं. तिमाला सांगायचं, त्यानं मनाशी जुळवलं, तुझा बाप लपला तो एवढं जहाज घेऊन लपला.

दुसऱ्या रात्रीच्या शेवटी समोर काळं टेकाड उभं राहिलं. ते त्यानं अंधारातही ओळखलं.

“साहेब, हे माझं गाव. टेकाडापलीकडे माझं घर आहे. मला जाऊ द्या.”

टंडेलनं घड्याळ पाहिलं. “आता नाही. अर्ध्या तासात उजाडेल आणि जाळी अर्धी उघडी आहे. दिवसा तू गावात दिसलास तर तासाभरात सगळ्या बेटाला कळेल. संध्याकाळी अंधार पडला की मी स्वतः तुला होडीतून सोडतो. शब्द देतो. आता फांद्या आण.”

“फांद्या कुठल्या? इथे झाडं नाहीत.”

“ती काय मग?”

“ते कब्रस्तान आहे, साहेब. तिथलं पान तोडत नाहीत.”

“मेलेले तक्रार करणार नाहीत.”

“जिवंत करतील.”

“मत्रावी, जहाजावर चाळीस माणसं आहेत. तीही जिवंत आहेत, तूर्तास.”

सहा जण कोयते घेऊन चढले. गोऱ्यांनी वड आणि चिंच धरली. मत्रावीची आई वरच्या अंगाला होती, आजोबा तिच्या शेजारी. आपल्या माणसांना धक्का नको म्हणून तो मुद्दाम खालच्या अंगाला गेला, जिथे नवी माती पडते. तो चाफाच तोडत होता. चाफ्याला कापलं तर मरत नाही, पुन्हा फुटतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. हात चालत होते, तोंडानं तो माफी मागत होता, नावं न घेता.

मग एक फांदी कोयता न लावताच हातात आली.

पायाखालची माती मऊ होती. त्याला कळलं. नव्या कबरीच्या उशाशी हिरवी फांदी खोवतात. ती हिरवी असेतोवर अल्लाचं नाव घेत राहते आणि तिचं पुण्य खालच्याला पोचतं, मातीचा भार हलका होतो. लहानशी कबर होती. शेजारी तशाच आणखी दोन. कोणाची तरी मुलं. फांदी परत खोवायला तो वाकला, तेवढ्यात खालून टंडेलची शीळ आली, एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. पूर्वेला पाणी करडं होऊ लागलं होतं. बगलेत भारा होता आणि ती फांदी त्याच हातात होती. तो धावला. संध्याकाळी उतरेन तेव्हा आधी ही जागेवर लावीन आणि मगच घरी जाईन, असं त्यानं ठरवलं आणि फांदी वेगळी ओळखू यावी म्हणून तिला सुतळीची गाठ मारली.

उजाडलं तेव्हा किनाऱ्यालगत एक बेट जास्तीचं होतं.

चिंचेची पानं तासाभरात मिटली, दुपारपर्यंत तपकिरी झाली. वडाची लोंबली. चाफा तेवढा ताठ होता, देठांतून पांढरा चीक ठिबकत होता आणि दोन-तीन फुलंसुद्धा उमलली होती. त्याच्याखाली मत्रावी पालथा पडून किनारा बघत होता. शेजारी रसिदिन.

“आपल्या जहाजाची बाग झाली,” रसिदिन कुजबुजला. “आता कप्तानाला सांगून दोन कोंबड्या सोडू.”

मत्रावी हसला. तो त्याचा हसण्याचा शेवटचा दिवस होता असं म्हणता येणार नाही, पुढे तो पुष्कळदा हसला. पण ते हसू त्याला कायम आठवत राहिलं.

दुपारच्या नमाजानंतर टेकाडावर माणसं आली. पुढे मुल्ला, मागे सात-आठ बायका, डोक्यावर झाकलेल्या टोपल्या. सातव्या दिवसाचं जेवण आणि पठण असतं, ते. वरची मोडलेली झाडी बघून बायका जागीच थांबल्या, एकमेकींना धरून बोलू लागल्या. एक जण मात्र थांबली नाही. ती खालच्या अंगाला आली, डावा पाय जरा ओढत. ते चालणं हजार माणसांत त्यानं ओळखलं असतं. ती तीन लहान कबरींपैकी एकीपाशी बसली, उशाची माती चाचपू लागली. आधी हळू. मग दोन्ही हातांनी.

“तिमाच्या बापा,” रसिदिन म्हणाला, “कोण आहे ती?”

मत्रावी कोपरांवर पुढे सरकला.

पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो. मिस्नाया ओरडली तो शब्द न् शब्द जहाजावर पोचला. गोऱ्यांना तो कळला नाही, एवढंच. “कोणी उपटली? माझ्या तिमाच्या उशाची फांदी कोणी उपटली? झडो तो हात! ज्या हातानं उपटली तो हात झडून पडो!”

त्याच वेळी आभाळात घरघर आली. विमान खालून उडत होतं, पंखांवरचे लाल गोळे दिसावेत इतकं खालून. टंडेल सरपटत आला आणि मत्रावीच्या पाठीवर आडवा पडला, त्याचं तोंड दाबून. तशी गरज नव्हती.  मत्रावीनं दोन्ही हातांनी आपले डोळे झाकून घेतले होते.

विमानानं दोन चकरा मारल्या. दुसरी अगदी जहाजावरून. बहुतेक त्या तपकिरी झालेल्या चिंचेचा संशय आला असावा. कप्तान म्हणाला, थांबायचं नाही, अंधाराची पहिली रेघ दिसली की नांगर उचलायचा, होडी पाण्यात सोडायची नाही.

मत्रावी कप्तानापुढे उभा राहिला. हातात ती फांदी. “माझी मुलगी मेलीय, साहेब. ती बघा, तिथे आहे. मला उतरायचंय.”

कप्तान तरुण होता, तीन रात्री झोपला नव्हता. त्यानं टंडेलकडे पाहिलं, टंडेलनं पाण्याकडे. “होडी सोडून परत घ्यायला वीस मिनिटं लागतात,” कप्तान म्हणाला. “माझ्याकडे वीस मिनिटं नाहीत. पोहत जायचं असेल तर मी तिकडे पाठ करतो. इतकंच करू शकतो.” आणि त्यानं खरंच पाठ केली.

किनारा दोनशे हात असेल नसेल. ओहोटीची ओढ होती, पण मत्रावीनं त्या पाण्यात पोरपणी याहून वाईट ओढ मोडली होती. फांदी दातांत धरून गेला असता तरी पोचला असता. तो कठड्याला धरून उभा राहिला. नांगराची साखळी वर येत होती, तिची थरथर कठड्यातून त्याच्या तळव्यात येत होती. त्यानं उडी मारली नाही. का मारली नाही, याचं उत्तर त्यानं पुढे रसिदिनला एक दिलं, टंडेलला दुसरं. खरं त्याला एकच ठाऊक होतं. वर जाऊन मिस्नायाच्या समोर हा हात पुढे करायचा होता, तो त्याला करता आला नाही.

आठव्या दिवशी उघड्या समुद्रात, जिथे विमानं पोचत नाहीत, कप्तानानं बेट मोडायचा हुकूम दिला. सगळ्या फांद्या पाण्यात गेल्या. मागे किती वेळ हिरवा-तपकिरी पट्टा तरंगत राहिला. सुतळीची गाठ असलेली फांदी मत्रावीनं अंगरख्यात लपवली होती. चीक सुकून तोंड बंद झाल्यावर त्यानं ती रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली, रसिदिनकडून राख आणि आग विझवायच्या बादलीतून रेती आणून. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात पोचले तेव्हा तिला नवं पान आलं होतं.

तेव्हापासून त्याचं काम सोपं झालं. फांदी हिरवी ठेवायची. ती कुठेही असो, कबरीवर असो की रंगाच्या डब्यात, नाव घेतेय ती तिमासाठीच. लढाई संपेल, डबा उचलायचा, गिली मारंगला जायचं, उशाशी लावायची. मग मिस्नायाला काय सांगायचं ते सांगायचं. एप्रिल, मे. जहाज बंदराबाहेर रोज सुरुंग वेचायला जाई. मत्रावी उजवा तळवा तारेवर ठेवी. तार कधीकधी तुटते, तुटली की दांडपट्ट्यासारखी फिरते, माणसाचा हात मनगटापासून नेते. त्यानं असं होताना पाहिलं होतं. आता जिथे तुटायची भीती जास्त तिथे तो तोच हात आधी घाली. टंडेल खेकसायचा, “मरायचंय का?” हात काही झडत नव्हता.

जूनमध्ये फांदीची पानं पिवळी झाली आणि एकेक करून गळाली.

आधी त्याला धक्का बसला नाही. घरीही उन्हाळ्यात चाफा पानं टाकतो. पाऊस आला की फुटेल, तो म्हणाला. आणि पाऊस आला. ह्या मुलखात जून-जुलै म्हणजे थंडी आणि पाऊस थंडीत येतो, हे त्याच्या कोणत्याही आठवणीत बसत नव्हतं. दिवस दिवस पाऊस, आठवडे आठवडे पाऊस. त्यानं डबा पावसात ठेवला, आत घेतला, पुन्हा बाहेर ठेवला. फांदी बोडकी. मग शेंडा काळा पडला, साल सुरकुतली. जुलै गेला. त्याच्या बेटावर भर पावसात जे फुटत नाही ते मेलेलं असतं, त्यात शंका नसते. दुष्काळात माणूस झाडाची वाट बघतो, पावसात कोणी बघत नाही.

“मेली रे ती, तिमाच्या बापा,” रसिदिन एक दिवस हळूच म्हणाला. “किती दिवस डबा घेऊन फिरशील? गोरे हसतात.”

“हसू दे.”

“मी नाही हसत. पण मेली ती.”

ऑगस्टच्या सुरुवातीला, सुरुंगांच्या पट्ट्याकडे जाताना, त्यानं आपल्या नमाजाच्या पांढऱ्या लुंगीची कड फाडली. फांदी धुतली, गुंडाळली. रसिदिन मागे उभा राहिला, दोघांनी मिळून प्रार्थना म्हटली, जशी देहासाठी म्हणतात तशी. तिमाच्या दफनाला तो नव्हता. हेच ते दफन. टंडेल लांबून टोपी काढून उभा होता, त्याला वाटलं गावाकडून कोणाची बातमी आली असेल. पांढरी गुंडाळी थोडा वेळ तरंगली, मग मागे सोडलेल्या तारेवरून गेली आणि दिसेनाशी झाली.

सप्टेंबरच्या शेवटी टंडेलनं त्याला गावात दोर आणायला पाठवलं. बंदरामागच्या चढावर एका घराच्या कुंपणाशी तो थांबला. कुंपणाच्या आत राखाडी, जाड, बोडक्या फांद्यांचं एक झाड होतं. थंडीभर येता-जाता तो ते बघत आला होता आणि दर वेळी त्याच्या मनात आलं होतं, की ह्या लोकांना मेलेलं झाड तोडायचं कसं सुचत नाही. आता त्याच्या प्रत्येक शेंड्याला हिरवी टोकं होती, बोटाच्या पेराएवढी. जवळून पाहिलं. कुंपणावर हात ठेवून आत वाकून पाहिलं. चाफा होता.

घरातून एक म्हातारी बाहेर आली. “काय रे? काय पाहिजे?”

त्याला तिची भाषा मोडकीतोडकी येत होती. “हे झाड. मेलेलं होतं.”

“मेलेलं कशाला? दर वर्षीच असं होतं. थंडी लागते त्याला. झोपतं.”

“पाऊस होता. पावसात पान नाही.”

“पाऊस कसला घेऊन बसलास, ऊन लागतं त्याला. शेंडा काळा पडला तरी खाली जीव असतो. वाट बघायची.” तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “बरं नाही का तुला? पाणी देऊ?”

त्यानं मान हलवली. कुंपणाला पाठ लावून तो रस्त्यावरच बसला आणि दोर घ्यायचे राहिले. म्हातारीनं पाण्याचा पेला आणून त्याच्या शेजारी ठेवला. आत गेली नाही, बराच वेळ उभी राहिली.

सात आठवडे. आणखी सात आठवडे डबा ठेवला असता तर.

त्यानंतर तीन वर्षं त्याला लोक तिमाचा बाप म्हणत राहिले. नवे आलेले देशी खलाशी विचारत, केवढी झाली मुलगी? तो म्हणे, चार. पुढच्या वर्षी विचारलं तरी चार. लढाई संपली. शेवटी जहाज सोडायचा दिवस आला तेव्हा तो चढावरच्या त्या घरी गेला. म्हातारीनं काही न विचारता कोयती दिली. त्यानं हातभर लांब एक फांदी कापून घेतली.

सुराबायात पुन्हा गोळीबार चालू होता, ह्या वेळी स्वातंत्र्य मागणाऱ्या आपल्याच लोकांचा आणि गोऱ्यांचा. शिडाच्या होडीनं तो बेटाबेटानं सरकत गिली मारंगला पोचला. लांबून झाडी शोधली. टेकाड जवळजवळ बोडकं होतं. धक्क्यावरच्या पोरांनी विचारलं, “कोणाकडे?” त्यानं सांगितल्यावर एक म्हातारा म्हणाला, “अच्छा, गोऱ्यांच्या चाकरीतला. आता आठवलं होय घर?”

मिस्नाया अंगणात मक्याच्या कण्या पाखडत होती. केस पिकले होते, हातांना मिठाचे व्रण होते. तिनं वर पाहिलं. सूप थांबलं नाही.

“जिवंत आहेस,” ती म्हणाली.

“आहे.”

“तिमा गेली.”

“माहीत आहे.”

“कोणी सांगितलं?”

तो जमिनीवर बसला. ती सातव्या दिवसाची दुपार त्यानं पहिल्यापासून सांगितली. झाडी, कोयता, शीळ, विमान, कठडा. ती ऐकत पाखडत होती. फांदी उपटल्याचं सांगितलं तेव्हा सूप थांबलं. आणि तो थांबला नाही, रंगाचा डबा सांगितला, पाऊस सांगितला, पांढरं फडकं सांगितलं. मग उजवा हात पुढे धरला. “झडला नाही. मी खूप वाट पाहिली.”

तिनं त्या हाताकडे पाहिलं.

“मी दुसरी लावणार होते,” ती म्हणाली, स्वतःशी बोलावं तशी. “पण एक चाफा शिल्लक नव्हता. तुम्ही नुसते बुंधे ठेवले होते. फुटायची वाट बघत होते, तेवढ्यात जपान्यांनी आम्हाला मिठागरावर नेलं. तीन वर्षं. इथे जे राहिले त्यांनी कबरींवरच्या लाकडी खुणा चुलीत घातल्या. उरली झाडंही. परत आले तर खालचं अंग सगळं सपाट.” तिनं सूप खाली ठेवलं. “शेजारच्या दोन पोरांच्या उशाला चिंच होती, ती सुकायचीच. मी चाफा घेतला होता. मुद्दाम. चाफा धरतो म्हणून. आज झाड झालं असतं त्याचं. मी कुठूनही बघितलं असतं.”

त्यानं गाठोड्यातून फांदी काढली.

तिचा हात पुढे आला आणि हवेतच थांबला. “तीच का?”

हो म्हणणं अगदी जवळ होतं. “नाही,” तो म्हणाला. “ती पाण्यात गेली.”

ती उठली, पदर खोचला आणि चालू लागली. तो मागून गेला. टेकाडाच्या खालच्या अंगाला उन्हात तापलेली कोरडी माती होती, तिच्यात तीन पुसट उंचवटे, शेजारी शेजारी, एकसारखे.

“ह्या तिघांत आहे,” मिस्नाया म्हणाली. “त्या आठवड्यात तिघं गेले होते. मधली वाटते कधी, कधी कडेची.” ती त्याच्याकडे वळली. “तुझ्या हाताला कळायचं ना? पाण्याखालचं कळायचं, पोटातला गूळ कळायचा. ठेव.”

“तिमाच्या आई…”

“ठेव म्हणते ना.”

तो गुडघ्यांवर बसला. पहिल्या उंचवट्यावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर बराच वेळ ठेवला. माती गरम होती. खाली किनाऱ्याला लाटा लागत होत्या, त्याचीच काय ती थरथर, तिन्हीकडे सारखी. त्यानं हात उचलला नाही. ती वाट बघत उभी राहिली, मग तिनं कमरेचा कोयता काढून त्याच्या शेजारी टाकला.

“तीन तुकडे कर.”

त्यानं फांदीचे तीन तुकडे केले. कापल्या जागांतून पांढरा चीक आला आणि त्याच्या बोटांवरून ओघळला. चीक सुकल्याशिवाय चाफा लावता येत नाही, तोंड बंद व्हायला दोन दिवस जातात. दोघांनाही ते ठाऊक होतं. तिनं एक दगड ओढून त्यावर तुकडे ओळीनं मांडले आणि उन्हाकडे पाठ करून, त्यांच्यावर सावली पडेल अशी, बसून राहिली. थोड्या वेळानं तोही बसला, तिच्यापासून हातभर अंतरावर.